तुडवलेलं वाळवण

१

शनिवारी दुपारी बेल वाजली तेव्हा मी नुकती आडवी झाले होते. निवृत्त पोलिसाने दुपारी झोपू नये असा कायदा असावा, कारण आमच्या खारघरच्या सोसायटीत तो सगळे इमानेइतबारे पाळतात. सायकल गेली, पार्सल गेलं, कुणाच्या गाडीवर ओरखडा आला, की सगळ्यांना सुचिता कणसे आठवते. नोकरीत असताना आठवली असती तर बढती तरी मिळाली असती.

दारात राजलक्ष्मी होती, आमचे सेक्रेटरी उदयसिंह भोईटे यांची बायको. डोळे लाल झालेले.

"ताई, गच्चीवर चला. कुणीतरी सगळं वाळवण तुडवलंय."

मला वाळवणातलं काही कळत नाही. माझे सगळे उन्हाळे बंदोबस्तात गेले. पण वर गेले आणि मलाही गलबललं. मे महिन्याचं ऊन नुसतं रटरटत होतं. दारातून आत शिरताच चौथ्या मजल्यावरच्यांच्या साबुदाण्याच्या पापड्या होत्या, त्यांचा लगदा झाला होता. पलीकडे विजयमालाच्या कुरडया प्लास्टिकच्या कागदावर चपट्या होऊन पडल्या होत्या. पार टाकीपाशी उदयसिंहांच्या आईच्या, गोजराआजींच्या कुरडया होत्या. त्यांचा तर चुराच झाला होता. बायका कागदांशेजारी बसून डोळे पुसत होत्या. वर्षाचं वाळवण गेलं की रडू येतं, हे मला नवीन होतं.

गोजराआजी टाकीच्या सावलीत छत्री मिटून बसल्या होत्या. दरवर्षी कावळ्या-कबुतरांवर राखण त्याच करतात. "गोळी घ्यायला खाली गेल्ते," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "तेवढ्यात झालं."

जरा बाजूला दुसऱ्या मजल्यावरची साबिरा एकटीच उभी होती. तिच्या पायाशी जुन्या चादरीवर जवळा पसरलेला होता, ती बारीक सुकी मासळी. पापड्या आणि कुरडया यांच्या अगदी मध्ये होती ती चादर. तिच्यावर पाय तर सोडाच, चादरीचं टोकसुद्धा दुमडलेलं नव्हतं.

सगळ्या बायका रडता रडता त्या चादरीकडेच बघत होत्या.

२

संध्याकाळी उदयसिंह कागद घेऊन आले. भला माणूस आहे, पण इंग्रजीचा भारी सोस. सोसायटीची टाकी धुवायची नोटीससुद्धा अशी लिहितात की वाचून पाणी कधी येणार ते कळत नाही.

हे पत्र साबिराच्या घरमालकाला होतं. तिचा भाडेकरार या महिन्यात संपतोय. भाडेकरूने गच्चीवरच्या अन्नाची 'इनडिस्क्रिमिनेट' नासधूस केली, तेव्हा करार वाढवायला सोसायटीची हरकत आहे, असा मजकूर. उद्या सकाळच्या मीटिंगमध्ये मंजूर करायचं होतं.

"तुमची सही हवी," ते म्हणाले. "तुम्ही डिपार्टमेंटच्या. वजन पडतं."

"उदयसिंहराव, इनडिस्क्रिमिनेट म्हणजे काय?"

"म्हणजे... अंदाधुंद. वाट्टेल तसं."

नोकरीत या शब्दाशी माझा बराच संबंध आला. जमावाने दगडफेक केली की रिपोर्टात हा शब्द हमखास असायचा. एकदा वरिष्ठांनी मला फैलावर घेतलं होतं की न बघता कुठेही लिहू नका, तेव्हापासून पक्का लक्षात आहे.

"न निवडता," मी म्हटलं. "जिथे निवडायला हवं होतं तिथे न निवडता, दिसेल त्याला. एखादा डॉक्टर शिंक आली तरी अँटिबायोटिक देतो, सर्दी बघत नाही की ताप बघत नाही. त्याला हा शब्द लागतो. बेफिकिरीचा ठपका आहे त्यात."

"मग बरोबरच आहे की."

"मग साबिराचा जवळा कसा वाचला?"

"म्हणून तर तिच्यावर संशय. स्वतःचं कोण तुडवेल?"

"म्हणजे तुडवणाऱ्याने निवडलं. हे तुडवायचं, हे नाही. मग तुमचा शब्द खोटा. आणि शब्द खरा असेल तर साबिरावर संशय घ्यायला कारणच उरत नाही. दोन्ही गोष्टी एका पत्रात कशा नांदतील?"

उदयसिंह विचारात पडले. मला क्षणभर बरं वाटलं.

"शब्द बदलतो ना मग," ते म्हणाले.

मी सही केली नाही. सकाळपर्यंत बघते म्हणाले. अंगात त्राण नव्हतं, पण एका घराचं बिऱ्हाड उठणार होतं, आणि तेही मलाच पुढे करून. पत्र टेबलावर ठेवून ते गेले, आणि मी गुडघ्याला पट्टा बांधून उठले.

३

साबिराने दार उघडलं आणि न विचारताच आत घेतलं. हॉलमध्ये भिंतीला खोकी रचलेली होती, दोरी बांधलेली. त्यांना इथे येऊन वर्ष होत आलं होतं.

"हे तिसरं घर, ताई," तिने माझी नजर ओळखली. "पहिल्या ठिकाणी वासाचं कारण सांगितलं. दुसऱ्या ठिकाणी कारणच नाही सांगितलं. आता मी सगळं सामान काढतच नाही. शायमा विचारते, अम्मी, माझी पुस्तकं कधी काढायची?"

शायमा नववीत आहे. नवरा शहजाद तळोज्याला कामाला. माणसं मूळची म्हसळ्याची.

"तू वर कधी गेलीस?"

"सकाळी पसरून आले. मग एकदा हलवायला गेले. आजी होत्या बसलेल्या. मला म्हणाल्या, पोरी, ऊन लागंल, पदर घे डोक्यावर. मी हलवून खाली आले. बास." तिने एका खोक्याची दोरी घट्ट केली. "आमी असं करू असं वाटतं का हो तुमाला?"

वाटत नव्हतं. जिला दोनदा बिऱ्हाड उचलावं लागलंय ती सगळ्यांचं तुडवून आपलं तेवढं शाबूत ठेवेल, आणि मग गर्दीत येऊन उभी राहील? एवढी मूर्ख गुन्हेगार मला साऱ्या नोकरीत भेटली नाही. पण 'वाटत नाही' हा काही पुरावा होत नाही.

खाली वॉचमन कृष्णात होता, पाटणकडचा गडी. गच्चीच्या चावीवरून बायकांशी त्याची रोजची कटकट. संशय घ्यायला सोयीचा माणूस.

"चावी खुंटीला असती, मॅडम. कोनबी न्हेतंय. म्या कशाला तुडवू? ह्ये बघा." त्याने पाय पुढे केला. गमबूट. "टाकी भरूस्तवर ह्येच पायात. निघत बी न्हाईत लवकर."

"सकाळी पहिलं कोण गेलं वर?"

"आज्जी. दिवस उगवायच्या आदी. हातात डबं हुतं. म्हनलं द्या हिकडं, तर न्हाय दिलं. दोन्ही डबं एकाच हातात, डाव्या. म्हातारी दणकट हाय."

तिसरी पुतळाबाई. गच्चीच्या बरोबर खाली राहतात, आणि डोक्यावर पावलं वाजतात म्हणून वर्षभर तक्रारी करतात. वाळवण बंद व्हावं असं मनापासून वाटणारी इमारतीतली एकमेव बाई. त्यांच्या पायाला मधुमेहाची जखम आहे, घरातसुद्धा मोजे आणि बूट.

"ऐकू आलं का काही?"

"आलं ना. बायका खाली गेल्यावर कुणीतरी चालत होतं. पण धावपळ नाही, आपटणं नाही. सावकाश. दोन पावलं, की थांबायचं. पुन्हा दोन पावलं. मला वाटलं कुणी नवस फेडतंय."

रागाने नासधूस करणारा माणूस असा चालत नाही. मी तशीच पुन्हा गच्चीवर गेले, आणि आधी न बघितलेली गोष्ट बघितली. साबुदाण्याच्या लगद्यात पाच बोटं उमटली होती.

वाळवण तुडवणारा माणूस चपला काढून आला होता.

४

अनवाणी पाय. भाजणाऱ्या गच्चीवर. मला हे काही केल्या पचेना. तिथे बायका पायात काहीतरी घालून वावरतात, आणि वाळवणाच्या कागदापाशी आल्या की काढतात. का, तर अन्नाला चप्पल लागू नये. म्हणजे अन्न तुडवायला आलेल्या माणसालाही अन्नाला चप्पल लावणं जमलं नव्हतं. कृष्णातचे गमबूट आणि पुतळाबाईंचे बूट तिथेच बाद झाले.

उदयसिंहांच्या घरी गेले तर ते बाहेर होते. राजलक्ष्मीने चहा टाकला. गोजराआजी दिवाणावर बसल्या होत्या. मला बघून त्यांनी पाय आवरून घेतले आणि लुगडं पावलांवर ओढलं.

"आईंना धसका बसलाय," राजलक्ष्मी हळू आवाजात म्हणाली. "पहाटे उठून एकटीने चीक शिजवला, कुरडया घातल्या. मला म्हणाल्या, तू झोप. या वयात. आणि हे असं."

"तुम्ही मदतीला नसता?"

"मी ऑफिसला जाते, ताई. आणि त्यांना आवडत नाही कुणी मध्ये आलेलं. सगळ्या भावकीत त्यांच्या कुरडया जातात. आमच्याकडे खात कुणी नाही आता, तेलकट म्हणून. पण द्यायला लागतात ना. सगळे विचारतात."

"चिकासाठी गहू तीन दिवस भिजवतात म्हणे. जिन्यात आंबूस वास यायचा दरवर्षी. एवढं मलाही ठाऊक आहे."

"हो ना." ती विचारात पडली. "यंदा नाही आला वास. गॅलरीत झाकून ठेवला असेल त्यांनी."

आजी चहाकडे बघत होत्या.

"आज वर काही वेगळं होणार होतं का?"

"वेगळं नाही. मी आईंना नाश्त्याला म्हटलं, कुरडया उलटायला येते, व्हिडिओ काढू. मैत्रिणींना बघायचं होतं कशा करतात. मी कधी वर जात नाही ना, म्हणून आज म्हटलं जाऊ. गेले तर..."

आजींनी कप उचलला. डाव्या हाताने. उजवा हात मांडीवर पडून होता. कप ओठांपाशी नेताना उजव्या खांद्याला नकळत झटका बसला आणि त्यांनी दात ओठात रोवले.

मला सगळं कळलं, आणि कळल्यावर आणखीच दमायला झालं. चोर सापडला की पूर्वी झोप लागायची. मी चहा संपवला, वर जाऊन दोन कागदांवरचं थोडं थोडं रुमालात बांधून आणलं, आणि राजलक्ष्मीला दुकानात काहीतरी आणायला पाठवलं.

५

"आजी, ही विजयमालाची," मी पहिली कुरडई दिवाणावर ठेवली. "आज सकाळी घातलेली. बघा, पायाखाली चपटी झाली, पण तुटली नाही. अजून ओली आहे आतून. आणि ही तुमची."

दुसरी ठेवायचा प्रश्नच नव्हता. रुमालात नुसता चुरा होता, खडखडीत वाळलेला.

"दोन्ही आजच घातल्या. एकाच उन्हात होत्या. मग तुमचीच एवढी वाळली कशी?"

आजींनी डाव्या हाताने पदर सावरला.

"तुम्ही चीक शिजवलाच नाही. चीक शिजवला की पातेलं आणि सोऱ्या घेऊन जावं लागतं वर. तुम्ही झाकणाचे डबे नेलेत, हलके, एका हातात पेलतील असे. गेल्या वर्षीच्या कुरडया होत्या त्यात. भावकीला देऊन उरलेल्या, घरात कुणी खाल्ल्याच नव्हत्या. इतर बायका यायच्या आत त्या कागदावर मांडल्यात, आणि राखणीला बसलात म्हणजे कुणी हात लावणार नाही. पण सुनेने व्हिडिओचं काढलं. ती उलटायला आली असती, आणि हातात घेताच तिला कळलं असतं. तुमच्याच तेवढ्या तुडवल्या तर बोट तुमच्याकडेच. म्हणून सगळ्यांच्या."

शेजारून कुकरच्या शिट्टीचा आवाज येत होता.

"हात वर जात न्हाई," त्या म्हणाल्या. "दोन सालं झाली. गेल्या साली कसंबसं केलं. चीक घाटायला ताकद लागती बाई. रातभर रडले हुते खांद्यानं. औंदा न्हाईच झालं."

"सांगायचं होतं."

"सांगून काय व्हतंय." त्यांनी रुमालातला चुरा बोटाने गोळा केला. "दुसऱ्याच्या लेकीबाळींचं तुडवताना जीव तुटत हुता. पाऊल टाकायची आन् थांबायची. चपला काढल्या. तेवढं तरी."

"आणि जवळा?"

त्यांनी गळ्याकडे हात नेला. तुळशीची माळ होती. "मी माळकरी. मासळीवर पाय कसा देऊ? बाजूनं ग्येले."

असं झालं होतं. कुणी साबिराला वाचवलं नव्हतं, की अडकवलंही नव्हतं. म्हातारीचा पाय फक्त तिथून वळला. आणि बाकीच्यांनी त्याचा अर्थ लावला.

"आजी, तुमच्या मुलाने पत्र लिहिलंय. उद्या मंजूर झालं तर त्या पोरीचं घर जाईल."

"ठाव हाय."

"मी सही करणार नाही. पण माझ्या एका सहीने काही अडत नाही. बोलायचं की नाही ते तुम्ही ठरवा. नाही बोललात तर मात्र मला बोलावं लागेल."

"मला गावाला धाडतील," आजी म्हणाल्या. "तिथं घराला कुलूप हाय."

राजलक्ष्मी पिशवी घेऊन दारात आली. आजींनी चुऱ्यावर पदर टाकला.

६

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. साबिरा आणि शहजाद अगदी मागे बसले होते. शहजादने इस्त्रीचा शर्ट घातला होता, जसा माणूस ऑफिसात अर्ज द्यायला घालतो. गोजराआजी आल्या नव्हत्या.

उदयसिंहांनी पत्र वाचलं. शब्द खरंच बदलला होता. आता 'हेतुपुरस्सर' या अर्थाचा इंग्रजी शब्द होता.

मी उभी राहिले. अनवाणी पाय सांगितले, म्हणजे ज्याला अन्नाचा मान आहे अशा माणसाचे. पुतळाबाईंनी ऐकलेली थांबत थांबत पडलेली पावलं सांगितली. "कालचा शब्द खोटा होता, तसा आजचाही अर्धवट आहे," मी म्हटलं. "तुडवणाऱ्याने निवडलं, पण साबिराचं वाचवायचं म्हणून नाही. जो मासळीला शिवत नाही असा तो पाय होता. साबिरा कशाला मासळी टाळेल? ती रोज निवडते, धुते, शिजवते. आपण मात्र काही न बघता जो समोर दिसला त्याला धरलं. इनडिस्क्रिमिनेट असं काही झालं असेल तर ते इथे, या खुर्च्यांवर."

"म्हणजे आपण सगळ्यांवर संशय घ्यायला हवा होता?" कुणीतरी विचारलं.

"नाही हो. बघायला हवं होतं."

"मग कोण?" उदयसिंह म्हणाले. "नाव सांगा, ताई."

मी लिफ्टकडे बघितलं. दार बंदच होतं. मी तोंड उघडलं, आणि तेव्हा जिन्याकडून आवाज आला. आजी जिना उतरून आल्या होत्या, डावा हात कठड्यावर.

"म्या तुडवलं," त्या म्हणाल्या. "माज्या कुरडया गेल्या सालच्या हुत्या. हातानं व्हत न्हाई आता. सुनंला कळू ने म्हनून तुडवलं समद्यांचं."

विजयमाला तोंडावर हात ठेवून बसली होती. उदयसिंहांनी पत्र खाली घेतलं.

"आई, सांगायचं ना," ते म्हणाले. "विकत आणल्या असत्या. हल्ली सगळं मिळतं."

"म्हनून तर न्हाई सांगितलं. इकत आनल्याव मी कशाला लागते तुमाला?"

राजलक्ष्मी उठली आणि सासूला खुर्चीवर बसवलं, उजव्या खांद्याला हात लागू न देता. पत्र रद्द झालं. करार वाढवायला हरकत नाही असं तिथल्या तिथे ठरलं, आणि उदयसिंह मागे जाऊन शहजादला "सॉरी, मिसअंडरस्टँडिंग" असं काहीतरी म्हणाले. शहजादने "चलता है, सर" म्हणत हात मिळवला. खुर्च्या उचलायला सुरुवात झाली. मलाही घरी जाऊन आडवं व्हायचं होतं.

साबिरा मात्र पुढे आली. आजींच्या खुर्चीपाशी खाली बसली. आजींनी हात जोडायचा प्रयत्न केला, उजवा वर येईना. साबिराने तो धरून पुन्हा मांडीवर ठेवला.

"माझापण तुडवायचा होता, आजी."

"मासळी हुती ती, पोरी. माळ हाय गळ्यात."

"ठाऊक आहे." साबिराचा आवाज अगदी शांत होता. "पण काल सगळ्या जणी एकत्र बसून रडत होत्या. मला रडायलाच मिळालं नाही."

आजी तिच्याकडे बघत राहिल्या. शहजादने मागून हाक मारली, शायमाच्या क्लासची वेळ झाली होती, आणि साबिरा गुडघ्यावर हात टेकून उठली.